पुस्तक म्हणते, मी पाहिलं

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला, पण त्यातला बराचसा घरातल्या घरात जिरला. एक मात्र एस.टी.त बसून पार यवतमाळला गेला आणि भरल्या सभागृहात पंख्याखाली उभा राहिला. मला इंग्रजी येत नसताना येतं म्हणून सांगितलं, हा तो मूर्खपणा. आता कबूल करायला काही जात नाही. दात गेले तिथं अब्रू कुठवर सांभाळायची! पण ज्यांच्यापुढे मी ही फुशारकी मारली, ते आमचे जावईबापू, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, हे प्रकरणच निराळं होतं. कोणीही काहीही सांगावं आणि यांनी मान डोलावून ते वहीत उतरवून घ्यावं, आणि मग तेच खरं की खोटं हे पाहायला डोक्यावर ओला दुपट्टा टाकून एकवीस एकवीस दिवस शेताच्या धुऱ्यावर बसावं. एवढा भाबडा आणि एवढा संशयी माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही. होऊही नये, एकाला चहा पाजतानाच माझी कंबर वाकली.

जावईबापू कापसाचे ग्रेडर. नेरच्या संकलन केंद्रावर गाड्या लागल्या की हे कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचे, आतला मूठभर कापूस काढायचे, अंगठा आणि बोटांमध्ये धरून हळूच ओढायचे, धागा किती निघतो ते डोळ्यांसमोर धरून पाहायचे आणि एकच शब्द बोलायचे. कापूस पांढरा, लांब धाग्याचा असला तर ‘फस्ट’. अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला असला तर ‘कवडी’. दिवसभर एवढे दोनच शब्द बोलून माणसाची जीभ आखडत असणार, पण बोटांना मात्र खाज सुटलेली असायची. घरात शिरले की दिसेल ते चिमटीत धरायचे. पोळीचा पापुद्रा ओढून पाहायचे. माझ्या लुगड्याचा वाळत घातलेला पदर ओढून पाहायचे. धाकट्या दिरासाठी आम्ही राळेगावकडे मुलगी पाहायला गेलो, तर मुलीनं पुढे केलेल्या पोह्यांतले चार पोहे यांनी चिमटीत दाबले आणि मुलीच्या बापाकडे पाहून गंभीरपणे म्हणाले, “ओल जास्त हाय.” सोयरीक तिथंच मोडली. दीर अजून माझ्यावर डाफरतो, जसे काही पोहे मीच भिजवले होते.

अशा माणसाला एक दिवस आठवडी बाजारात रद्दीवाल्याकडे पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक सापडलं. त्याला ना पुठ्ठा, ना सुरुवातीची पानं, ना शेवटची. लिहिणारा कोण, छापणारा कोण, काही पत्ता नाही. जावईबापू त्या अज्ञात लेखकाला ‘सायब’ म्हणत. एका बाजूला रंगीत चित्रं, एकेका पानावर आठ-आठ दहा-दहा पाखरं, सगळी एकाच दिशेला तोंड करून बसलेली, शाळेच्या फोटोत बसतात तशी. आणि समोरच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात मजकूर. बदकांची पानं कोणाच्या तरी चहानं एकमेकांना चिकटलेली. ते सोडवायला जावईबापूंनी कधी हात लावला नाही. “फाटन,” म्हणायचे, “पान्यावरची पाखरं हायेत, ओली हायेत, राहू द्या.” पुस्तकाबरोबर त्याच रद्दीवाल्यानं एक दुर्बीण गळ्यात बांधली. ती मधोमध मोडलेली, अर्धीच. त्यामुळे पाखरू दिसलं की जावईबापूंचा एक डोळा नळीला आणि दुसरा गच्च मिटलेला. बाजाराच्या दिवशी हे असे एका डोळ्यानं वर पाहत उभे राहायचे आणि भाजीवाल्या बायकांना वाटायचं की हा बाप्या आपल्याला डोळा मारून राहिला. एकीनं तर वांगं फेकून मारलं. यांनी ते उचललं, चिमटीत दाबलं आणि “फस्ट” म्हणून परत तिच्या टोपलीत ठेवलं.

आता माझ्या इंग्रजीबद्दल. मी बी.ए. होते, हे खरं. आमच्या लग्नात सासूबाईंनी मांडवभर सांगितलं होतं, “आमची सून बी.ए. हाय, इंग्रजी घेऊन.” इंग्रजी मी घेतलं होतं, त्यानं मला घेतलं नव्हतं. गाईडमधली उत्तरं पाठ करून काठावर निघाले, आणि त्यानंतर पंधरा वर्षांत इंग्रजी वाचलं ते फक्त खोकल्याच्या बाटलीवरचं. पण मांडवातली ती घोषणा मी कधी खाली उतरू दिली नाही. पोस्टमन आला तरी मी लिफाफ्यावरचा पत्ता ओठ हलवून वाचायची. तेव्हा जावईबापू एका रविवारी ते बोडकं पुस्तक घेऊन आले, ओसरीवरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “वहिनी, सायब काय म्हनते थे सांगा,” तेव्हा खरं सांगायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. सासूबाई दारात उभ्या. घरचा जावई, त्याला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. दोन शब्द कळले: एक ‘पक्षी’ आणि एक ‘शेपटी’. मधल्या खड्ड्यांत मी हाताला लागेल ती माती घातली.

पहिल्या रविवारी निघाले सातभाई. आमच्या परसात कडुनिंबाखाली कलकलाट करत फिरणारी ती मळकट पाखरं. त्या दिवशी सकाळपासून मी नऊ माणसांना वाढून स्वतः उपाशी होते. पुस्तकात पाहत मी सांगितलं, “सायब म्हणतात, हे पक्षी एकत्र कुटुंबात राहतात. आणि यांच्यात सून सगळ्यांत शेवटी जेवते.” सासूबाई दारातून आत निघून गेल्या. मला वाटलं, काय बाण मारला! जावईबापूंनी वही काढली. वहीत मधोमध रेघ. डाव्या बाजूला मथळा ‘पुस्तक म्हणते’, उजव्या बाजूला ‘मी पाहिलं’. डाव्या बाजूला सुनेचं जेवण लिहून घेतलं. दीड महिन्यानं एका रविवारी हा माणूस म्हणाला, “वहिनी, सायब चुकला. सून नाही. त्याहीच्यातलं एक जन वर फांदीवर बसून पहारा देते. बाकी सारे खाली खातेत. शिकरा आला त वरडते. पहारा बदलला का मंग थो खाली येऊन जेवते. मी रोज सकाळी पाहून राह्यलो. सून असो का सासू, ज्याचा पहारा थो शेवटी.” मी म्हटलं, “सायब चुकला असेल.” सायबाला मी इतक्या सहज बळी दिलं की मलाच माझं कौतुक वाटलं.

मग तर मला चटकच लागली. आठवडाभर भाकरी थापताना मी रविवारच्या थापा थापत असे. भारद्वाजाच्या घरट्याचं तोंड नेहमी पूर्वेला असतं, असं सांगितलं. यांनी पुतण्याच्या कंपासपेटीतलं होकायंत्र मागून आणलं आणि अकरा घरटी शोधून काढली. काट्यांनी हात फोडून घेतले. टिटवी दुपारी ऊन चढलं की अंडी चोचीत धरून सावलीत नेते, असं सांगितलं. त्या उन्हाळ्यात खरेदी आटोपल्यावर हे न पेरलेल्या, नापेर वावरात छत्री रोवून बसले. नणंद डबा घेऊन जायची आणि बडबडत यायची. बाविसाव्या दिवशी आले ते डांबरासारखे काळे होऊन आणि लहान पोरासारखे हसत. “अंडे नेत नाही वहिनी! थे नाल्यात जाते, पोट भिजवते, आन् ओल्या पोटानं येऊन अंड्यायवर बसते. थंडे करते. दिवसातून किती खेपा करते, मोजल्या मी. सायबाले हे काहून दिसलं नसन?” मी म्हणाले, “सायब लोक दुपारी झोपतात.” यावर ते इतके हसले की छत्री मोडली.

गंमत म्हणजे मी एकदाच खरं वाचलं आणि तेच त्यांना पटलं नाही. वेडा राघू मधमाशी पकडून फांदीवर आपटतो, घासतो, नांगी काढून टाकतो आणि मग गिळतो, हे वाक्य कसं कोण जाणे मला नीट लागलं. जावईबापूंनी माझ्याकडे त्या एका उघड्या डोळ्यानं पाहिलं. “हे लय होते वहिनी. थाप वाटते.” मला इतका राग आला! माझ्या एकुलत्या एक खऱ्या शब्दाला या माणसानं कवडी ठरवलं. पंधरा दिवसांनी येऊन कबूल केलं, “या बाबतीत सायब फस्ट हाय.” तेवढं एकच प्रमाणपत्र मला मिळालं, तेही सायबाच्या नावानं.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र दोन पाखरांवर. एक शिंपी, तो पानं शिवून घरटं करतो. त्याचं सोडलेलं घरटं आणून त्यांनी आतला कापूस चिमटीत ओढला आणि डोळे मिटून म्हणाले, “पहिल्या वेच्याचा हाय. शेवटचं फरदड नाही घेतलं यानं. सुई बी याची, ग्रेड बी याची.” आणि दुसरी सुगरण. नर घरटं विणतो आणि मादी येऊन पाहून जाते; पसंत पडलं नाही की अर्धवट सोडून तो दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी विहिरीवरच्या बाभळीवर स्वतः पाहिलेलं. मला म्हणाले, “वहिनी, मादी थिथं ग्रेडर असते.” मग म्हणाले, “पन थिले कोनी शिव्या देत नाही.”

त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. ती वर्षं कापसाची फार वाईट गेली. बोंडात अळी, बियाणं नकली निघालेलं, फवारून फवारून माणसं थकलेली, आणि वर अवकाळी. केंद्रावर गाड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. लोक दोन-दोन दिवस गाडीखाली झोपून नंबर धरायचे, आणि नंबर लागला की पुढे आमचे जावईबापू, मुठीत पिवळा कापूस. कवडी. पुढची गाडी, कवडी. त्याच्या पुढची, कवडी. अळी यांनी पाळली होती काय? पण तोंड यांचं, शब्द यांचा. एकानं तोच कापूस यांच्या तोंडावर फेकला. केशकर्तनालयात हे बसले की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. लग्नात पंगतीला बसले की समोरचा पान उचलून दुसरीकडे जायचा. जावईबापू याबद्दल अवाक्षर बोलायचे नाहीत. रविवारी यायचे, शर्टाच्या बाहीवर रुईचे धागे चिकटलेले, खुर्चीत बसायचे, पुस्तक उघडायचे आणि म्हणायचे, “सांगा.” आठवड्यातून तेवढा दीड तास त्यांच्याशी कोणी नीट बोलत होतं. आणि ती मी होते, आणि मी थापा मारत होते.

एका हिवाळ्यात ते कधी नव्हे ते शनिवारीच आले. हातात पेपरातलं कात्रण. यवतमाळला एका शाळेच्या सभागृहात पक्षीमित्रांचा मेळावा होता. कोणालाही पाच मिनिटं बोलता येईल, असं छापलेलं. जावईबापूंनी वही माझ्यासमोर ठेवली. “एक्केचाळीस चुका निघाल्या सायबाच्या. थिथं मोठे मोठे लोक येनार. त्याहीले सांगून देतो, म्हनजे पुढच्या छपाईत दुरुस्त होईन. तुमचं अक्षर चांगलं हाय वहिनी, पक्की प्रत करून द्या. आन् तुम्ही बी चला. वाचलं त तुम्हीच.” त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कापूस तपासणाऱ्या त्या माणसाला कित्येक वर्षांनी वाटत होतं की आपला शब्द लोक शिवी न देता ऐकतील.

खरं सांगायची वेळ ती होती. मी काय केलं? आठ दिवस बसून, सुवाच्य अक्षरात, समास सोडून, माझ्याच एक्केचाळीस थापांची पक्की प्रत काढली. रेघा लाल शाईनं मारल्या. रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगते. आणि सकाळी मांडवातली ती घोषणा आठवायची. छत्तीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, पण अक्कल पाहाल तर टिटवीच्या अंड्याएवढी, आणि तीही उघड्यावर ठेवलेली.

मेळाव्याच्या दिवशी नणंदबाई स्टँडवर सोडायला आल्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “शर्टाले स्वतः इस्त्री केली यायनं. लग्नात बी केली नव्हती.” बस निघाली. मी ठरवलं, यवतमाळ यायच्या आत सांगायचं. अर्धा रस्ता सरला. धीर करून मी “भाऊजी,” म्हणाले, तोच यांनी उडी मारून घंटीची दोरी ओढली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. कंडक्टर धावत आला, “कोन पडलं? कोन पडलं?” जावईबापू खिडकीतून बोट दाखवत म्हणाले, “पडलं कोनी नाही. तारीवर कापशी घार बसली हाय. पाहा, पाहा, उडाली का हवेत एकाच जागी उभी राहते.” कंडक्टरनं त्यांना जे ऐकवलं त्यात पाखरांचा उल्लेख नव्हता. उरलेला रस्ता बसमधले सगळे आमच्याकडे पाहत होते. अशा वेळी कोण कबुली देतं? मी पदर सारखा केला.

सभागृहात सगळीकडे खिशांचे लोक. एकेका जाकिटाला वीस-वीस खिसे, आणि गळ्यात दोन डोळ्यांच्या लांबलचक दुर्बिणी, जशा काही गरुडाच्या मुंजीला निघाल्या आहेत. भिंतीच्या आत एकही पाखरू नव्हतं, तरी निम्म्यांनी त्या डोळ्यांना लावून एकमेकांना पाहून घेतलं. जावईबापूंचा पुकारा झाला. इस्त्रीच्या शर्टात, अर्धी दुर्बीण गळ्यात, ते वर गेले आणि ते बोडकं पुस्तक उंच धरून म्हणाले, “मी नेरचा. कापसाचा ग्रेडर. या पुस्तकात एक्केचाळीस चुका हायेत.” सभागृह सावरून बसलं. त्यांनी माझी पक्की प्रत उघडली. “एक नंबर. पुस्तक म्हनते, टिटवी दुपारी चोचीत धरून अंडे सावलीत नेते.”

पहिल्या रांगेतून एक चष्मेवाले प्राध्यापक उठले. “थांबा. चित्रांवरून ओळखलं मी, तेच पुस्तक माझ्याकडे आहे.” त्यांच्या पुस्तकाला पुठ्ठा होता. त्यांनी पान काढलं, बोट फिरवलं. “असं इथं काहीही लिहिलेलं नाही.” जावईबापूंनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “दोन नंबर. पुस्तक म्हनते, सातभायात सून सगळ्यायच्या शेवटी जेवते.” मग काय विचारता! खिसे हलले, दुर्बिणी खडखडल्या, मागच्या बाकावरच्या बायांनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले, “अहो काका, हे पुस्तक तुम्हाला वाचून कोणी दाखवलं?”

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस कवडी म्हणतो. पण त्यांनी हात माझ्याकडे केला, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसा, आणि छाती काढून म्हणाले, “आमच्या वहिनीनं. बी.ए. हायेत त्या, इंग्रजी घेऊन.”

त्यावर सभागृह आणखी हसलं, आणि ते हसू सगळं त्यांच्या इस्त्रीवर जाऊन पडलं. मी कधी उठले ते मला कळलं नाही. म्हणाले, “पुस्तकात असं काही नाही. मले इंग्रजी येत नाही. मी मनानंच सांगत गेली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माह्या थापा हायेत. थे खरे मानत गेले.” खाली बसायचं की पळायचं ते सुचेना, म्हणून मी उभीच राहिले, शाळेत अंगठे धरून उभं करतात तशी.

जावईबापूंनी खिशातून पेन काढलं आणि डाव्या बाजूवर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली. सावकाश, पानामागून पान. “मंग पुस्तक बरोबर हाय,” म्हणाले. “सायबाची माफी.” आणि घसा साफ करून, केंद्रावर गाडीपुढे उभं राहून बोलत त्याच आवाजात, परत पहिल्यापासून सुरुवात केली. “एक नंबर. मी पाहिलं. टिटवी नाल्यात जाऊन पोट भिजवते आन् ओल्या पोटानं अंड्यायवर बसते. एकवीस दिवस पाहिलं. दोन नंबर. मी पाहिलं. सातभायात एक जन पहाऱ्यावर राहते, थो शेवटी खाते.” पाच मिनिटं कधीच उलटली. घंटी वाजवायला बसलेल्या बाई घंटी हातात धरून ऐकत राहिल्या. प्राध्यापकांनी पुस्तक मिटून खिशातली वही काढली आणि लिहून घ्यायला लागले. एक्केचाळीसावा नंबर झाल्यावर टाळ्या पडल्या म्हणतात. मी पदरात तोंड घालून बसले होते. चहाच्या वेळी वीस खिशांवाल्यांतल्या एकानं जावईबापूंना सांगितलं की दुर्बीण दोन डोळ्यांची घेत जा. मोठ्या माणसांचे सल्ले असेच अर्धे असतात. कुठून घ्यायची ते नाही सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. तारांवर कोतवाल होते, नीलपंख होता. दुर्बीण मांडीवरून हलली नाही. नेरचे दिवे दिसायला लागल्यावर मला राहवलं नाही. “भाऊजी, शिव्या द्या, पण बोला काही.” त्यांनी माझ्या पक्क्या प्रतीचा कोपरा चिमटीत धरला, हळूच ओढून पाहिला आणि म्हणाले, “कवडी.” एवढाच शब्द. गाडीखाली दोन रात्री झोपून नंबर लागलेल्या माणसाला तो कसा लागत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या बाबतीत तर ग्रेडही बरोबर होती.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. सासूबाई सवयीनं खुर्ची ओसरीवर मांडायच्या, मी सवयीनं चहा जास्त टाकायची. नणंदेकडून निरोप यायचा की घरीच बसून असतात, पुस्तक बांधून माळ्यावर टाकलं आहे. सासूबाईंनी सभागृहाची हकीकत ऐकली होती. तिसऱ्या रविवारी खुर्ची परत आत नेताना एवढंच म्हणाल्या, “सून शेवटी जेवते काय? आज तू पहिले जेव.” मला पहिल्या पंगतीला बसवून वाढलं. त्या दिवशीची पोळी मला अजून गिळता आलेली नाही.

जावईबापू जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी नात फोन हातात धरून अंगणात उभी राहते. पाखरू ओरडलं की फोन नाव सांगतो. मी तिला म्हणते, तुझा फोन एक दिवस तरी उन्हात बसला का? ती म्हणते, आजी, तू थापा मारतेस. मारतेच. थापेवाचून कोणी उन्हात जाऊन बसत नाही, हे मी पाहिलेलं आहे. नणंदेनं सगळ्या वह्या मला आणून दिल्या, सतरा आहेत. पहिल्या दोन वह्यांत डाव्या बाजूला ‘पुस्तक म्हणते’ लिहिलेलं आहे, त्यावरही तशीच उभी रेघ. तिसरीपासून मथळा बदलला आहे. डावीकडे लिहिलं आहे, ‘वहिनी म्हणते’. उजवीकडे तेच, ‘मी पाहिलं’. शेवटच्या वहीचा उजवा भाग चार पानांनंतर कोरा आहे. डाव्या बाजूला माझ्या नऊ थापा अजून तपासायच्या राहून गेल्या आहेत. कधीमधी वाटतं, छत्री घेऊन आपणच जाऊन बसावं.

तो मथळा बदलला चौथ्या रविवारी. मी परसात भांडी घासत होते. ओसरीवर खुर्ची करकरली. हात न धुताच बाहेर आले, तर जावईबापू बसलेले, बाहीवर रुई, मांडीवर ते बोडकं पुस्तक. चहानं चिकटलेली बदकांची पानं त्यांनी कशी कोण जाणे, एकही न फाडता सोडवून आणली होती. माझ्याकडे न पाहता त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं, वही काढली, नव्या पानावर मधोमध रेघ मारली आणि म्हणाले:

“सांगा वहिनी. खरं येत नसन त खोटं सांगा. पाहाचं काम माह्यं हाय.”